आमचा ड्रम कुणी भरला?

मी दवाखान्यात सिस्टर आहे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. वॉर्डातल्या मावश्या कुठल्याशा बेडबद्दल कुजबुजायला लागल्या की मी त्यांना सरळ चादरी बदलायला पिटाळते. तरी हे लिहितेय...

करोनाच्या दुसऱ्या लाटेतला उन्हाळा. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी. कोविड वॉर्डातून दुपारी तीनला घरी यायचं आणि अंगणात ताडपत्रीमागं डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय आत जायचं नाही, हा माझाच नियम. ड्रम संपला तर अंघोळ नाही, अंघोळ नाही तर लेकीला जवळ घेणं नाही. सहा वर्षांची पोर खिडकीला नाक लावून बसायची. मी कोविड ड्युटीवर म्हणून गल्लीनं बोलणं टाकलेलं. वॉर्डात रोज कुणीतरी जात होतं. मी पार खचले होते, राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता.

एकदा नळ येऊन गेल्यावर पाचव्या दिवशीच ड्रममध्ये तांब्याभर पाणी उरलं. सहाव्या दिवशी घरी आले तर ड्रम काठोकाठ! झाकणावरचा दगड मी ठेवला तसाच, फाटकाला कुलूप, नळ कोरडा. नवऱ्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "मी नाही भरला." आणि पाणी थंडगार, एप्रिलच्या उन्हात.

मला वाटलं, शेजारच्या काकू. भिंतीवरून म्हणाले, "काकू, पाण्याचे लई उपकार झाले."

त्यांचा चेहराच उतरला. "टोमणे नको मारू गं. चुकलंच आमचं." संध्याकाळी भिंतीवर थालीपिठांचा डबा.

ड्रम दुसऱ्या दिवशीही भरलेला. मग समोरच्या मामांचे आभार मानले. तेही ओशाळले. "म्या नाय भरला, सिस्टर. पण लाजवू नका, उद्यापासून आमच्या बोअरचा पाइप टाकतो."

अशी मी सहा निरपराध घरं धन्यवाद देऊन लाजवली. प्रत्येक घरून काहीतरी आलं, लेकीला तर रंगपेटीसुद्धा. नवरा म्हणाला, "पलीकडची गल्ली राहिलीय. तिथंही थँक्यू म्हणून ये, महिनाभर स्वयंपाक नको." कित्येक दिवसांनी मी पोट धरून हसले. राजीनामा तिथंच फाडला.

मामांचा पाइप आला आणि ड्रमचं आपोआप भरणं थांबलं. ते दोन दिवस पाणी कुठून आलं, आजवर कळलेलं नाही. नवऱ्याकडं बारा तर्क आहेत, एकही धड नाही. मला एवढंच लागून राहिलंय — सगळ्या गल्लीला थँक्यू म्हणून झालं, आणि ज्यानं भरला तो तेवढा राहून गेला.