अकरा जणांना आवतण

आमच्या कंपनीत काही नवीन आलं की ते आधी माझ्या गळ्यात पडतं. कारण काय, तर मी एकदा कॉम्प्युटरचा कोर्स केला आहे. त्या एका कोर्सपायी मी प्रिंटरमधला अडकलेला कागद काढते, साहेबांच्या मुलीचे फॉर्म भरते, आणि तक्रारींची नवी यंत्रणाही माझ्याच माथी आली.

कंपनी फार मोठी नाही. अमरावतीला ऑफिस, अकोल्याला वर्कशॉप, आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या लहान दवाखान्यांतले औषधांचे, लसींचे फ्रिज दुरुस्त करायचं काम. आधी तक्रारी फोनवर यायच्या. अकोल्याच्या वर्कशॉपमध्ये एक फळा होता. तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते फोन कानाशी धरूनच फळ्यावर खडूने गावाचं नाव लिहायचे आणि काम झालं की तळहाताने पुसायचे. फळ्यावर नाव आहे म्हणजे फ्रिज बंद आहे, नाव नाही म्हणजे चालू आहे. इतकी साधी गोष्ट साहेबांना मागासलेली वाटली.

नव्या यंत्रणेत तक्रारीला तिकीट म्हणतात. दवाखान्याने तिकीट टाकलं की मेल जातात. कुणाकुणाला जावेत हे आधीच ठरवून ठेवावं लागतं, आणि त्यासाठी एक पान आहे. डावीकडे माणसांची नावं, वर घटना: नवी तक्रार, काम सुरू, शेरा, तक्रार बंद. मधे चौकोन. ज्या चौकोनात टिक, त्याला मेल. मी ते पान उघडून साहेबांसमोर बसले आणि विचारलं, नवी तक्रार आली की कोणाला कळवायचं?

"सगळ्यायले," साहेब म्हणाले.

"अन् कोनी नुसता शेरा लिहिला तं?"

"सगळ्यायलेच टाका ना मॅडम. एखाद्याले नाही टाकलं अन् तो म्हणाला, मले काहून नाही सांगतलं, मंग?"

आमच्याकडे लग्नाचं आवतण असंच असतं. पत्रिका हातात द्यायची, कुंकू लावायचं, आणि घरातल्या थोरल्याला आधी. एखादा चुलतमामा राहून गेला तर तो लग्नाला येत नाहीच, वर पुढची वीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नात भेटला की तोंड फिरवून जेवतो. साहेबांनी यादी तशीच लावली. वयाने मोठे ते वर. माणसं अकरा, घटना चार, जिल्हे दोन. अठ्ठ्याऐंशी टिकमार्क मी दातओठ खात मारले.

पहिल्याच आठवड्यात चांदूर बाजारच्या एका दवाखान्याने कळवलं की फ्रिजचं दार नीट लागत नाही. अकरा जणांना मेल. कुणीतरी खाली लिहिलं, "पाहतो." परत अकरा जणांना. साहेबांनी लिहिलं, "लवकर पाहा." मग एकेकाने "हो सर" लिहायला सुरुवात केली, कारण साहेब बोलल्यावर आपण गप्प राहणं बरं दिसत नाही. प्रत्येक "हो सर" अकरा जणांना पोचलं. त्यात पोळा आला, आणि साहेबांनी त्याच तिकिटावर पोळ्याच्या शुभेच्छा दिल्या. सगळ्यांनी उलट शुभेच्छा दिल्या. मी फोन उशीखाली कोंबून ठेवला. दाराचं रबर मात्र चार दिवसांनी बदललं गेलं.

उन्हाळा येईपर्यंत मी हे सोसलं, शेवटी एका दुपारी वैतागून सफाई केली. ज्याचं काम त्यालाच मेल, आणि साहेबांना फक्त तक्रार बंद झाल्याचा. अमरावतीच्या तक्रारींचं अकोल्याच्या काकांना काय करायचं होतं? तिथलं त्यांचं नाव काढलं. दोन दिवस स्वर्ग होता. तिसऱ्या दिवशी काका रुसले.

रुसले म्हणजे माझा फोन घेईनात. साहेब म्हणाले, "जाऊन या मॅडम. जुना मानूस आहे, मन राखा लागते." म्हणजे चौकोनातल्या खुणांसाठी मी सकाळची एसटी धरून, बडनेरा, मूर्तिजापूर करत, ऐन मे महिन्यात अकोल्याला गेले. मेमधल्या अकोल्यात स्वखुशीने कुणी जात नाही.

काका एका फ्रिजचा कॉम्प्रेसर उघडून बसले होते. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. मान वर न करता म्हणाले, "या मॅडम." एरवी हा माणूस मला पोरी म्हणतो. मॅडम ऐकलं तेव्हाच समजलं की प्रकरण खोल गेलं आहे.

"काका, तुमाले तरास नोको म्हनून काढलं मी नाव," मी म्हणाले.

"तरास? तीस वर्सं झाले मले. चांदूर बाजारचा फ्रिज मी बसवला, भातकुलीचा मी बसवला. आता तिथं काय बिघडून राहिलं, हे मले कळू नये? म्हतारा झालो म्हणून पंगतीतून उठवता का?"

सांगायला हवं होतं की काका, हा मान नाही, हा कचरा आहे, आणि तो मी तुमच्या दारातून उचलला. ते मी बोलले नाही, याचा मला आजही राग येतो. त्याऐवजी मी लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या नावापुढचे सगळे टिकमार्क परत मारले, दोन्ही जिल्ह्यांचे. काकांचं केलं म्हटल्यावर बाकीच्या दहा जणांचंही करावं लागलं, नाहीतर रोज एकाची समजूत काढत फिरले असते. काकांनी चहा मागवला, पोरी म्हणाले, आणि घरून आणलेल्या पाटवड्या कागदात बांधून दिल्या. मी त्या एसटीत खाल्ल्या, आणि तोवर फोन परत वाजायला लागला होता.

पुढे मी जे केलं तेच बहुतेकांनी केलं. तक्रारीचा मेल आला की तो परस्पर एका वेगळ्या फोल्डरमध्ये जावा, असा नियम लावून टाकला. फोन गप्प झाला. काकांना एवढं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी कुणाकडून तरी मेलची घंटीच बंद करून घेतली. इकडे साहेबांनी फोनवरच्या तक्रारी बंद केल्या. यापुढे तक्रार फक्त यंत्रणेतूनच करावी, अशी पत्रं दवाखान्यांना गेली. ती पत्रंही मीच टाईप केली. अकोल्याच्या फळ्यावर सुट्ट्यांची यादी चिकटवली गेली.

यंदाच्या पावसाळ्यात अकोल्याकडच्या एका खेड्यातला लसींचा फ्रिज सोमवारी सकाळी बंद पडला. तिथल्या नर्सबाईंनी आम्ही सांगितलं होतं तसंच केलं, तिकीट टाकलं. लसी बर्फाच्या डब्यात हलवल्या. मंगळवारी तिकिटावर लिहिलं, "कृपया लवकर या, बर्फ संपत आला." कुणी गेलं नाही. बुधवारी लसी टाकून द्याव्या लागल्या, आणि लसीकरणाला बाळं घेऊन आलेल्या बायांना त्यांनी परत पाठवलं. मग त्यांनी वैतागून काकांचा जुना नंबर शोधून फोन लावला. काका त्याच दुपारी जाऊन फ्रिज चालू करून आले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

साहेबांचा मला फोन आला. "एवढंच सांगा मॅडम, सोमवारचा मेल काकाले गेला होता का नाही?"

मी रेकॉर्ड पाहिलं. काकांचं नाव, सकाळची वेळ, पुढे हिरव्या अक्षरांत 'पाठवला'. मी म्हणाले, "हो, गेला होता."

इतकंच बोलले. खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरी ते चुगली केल्यासारखं तोंडातून बाहेर पडलं. साहेबांनी मेमो काढला: सात दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करण्यात येईल. काकांच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. तीस वर्षांत त्यांच्या नावावर एक डाग नव्हता, आणि आता जाताना हाकलून लावणार. मेमो मेलनेच पाठवा, म्हणजे पुरावा राहतो, असं साहेब म्हणाले. मी पाठवला.

पाठवला आणि मला चैन पडेना. फोन करायची हिंमत नव्हती, म्हणून त्याच्या मागोमाग मी काकांना माझा स्वतःचा एक मेल लिहिला, चांगला लांबलचक. उत्तर आलं नाही. मला वाटलं, काका परत रुसले, आणि या वेळी रुसायचा त्यांना हक्कच आहे.

आठव्या दिवशी साहेब भडकले. "एक ओळ नाही लिहिली! माज आहे मानसाले. उद्या कमीचं पत्र काढा." तेव्हा कुठे मी धीर करून काकांना फोन लावला.

"काका, मेमोचं उत्तर काहून नाही देल्लं तुमी?"

पलीकडे हातोडी ठोकल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"कोनता मेमो?"

मी फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. हा माणूस आठ दिवस रोज कामावर येऊन फ्रिज दुरुस्त करत होता, आणि त्याची नोकरी त्याच्याच खिशातल्या फोनमध्ये, शेकडो "हो सर"च्या खाली, न वाचलेली पडून होती. माझा लांबलचक मेलही तिथेच. मग मी माझं स्वतःचं ते फोल्डर उघडलं, कितीतरी महिन्यांनी. नर्सबाईंचा सोमवारचा मेल माझ्याकडेही होता. मंगळवारचाही. दोन्ही ठळक अक्षरांत, म्हणजे न उघडलेले. बर्फ संपत आला, हे मलाही कळवलं गेलं होतं.

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "सर, तुमचा फोन द्या," म्हणाले. त्यात त्या गावाचं नाव शोधलं आणि स्क्रीन त्यांच्यासमोर धरली.

साहेबांनी ती जवळ नेऊन पाहिली. "हा मले बी आला होता?"

"सगळ्यायले आला होता सर. तुमाले, मले, अकराच्या अकरा जनायले. कोनीच नाही वाचला. आता अकरा मेमो काढू का? अन् पयला कोनाचा काढू, वयानं मोठ्याचा का तुमचा?"

माझा आवाज चढला होता. बाहेरचे टाईप करायचे थांबले. साहेबांनी फोन उलटा ठेवला, रुमालाने मान पुसली, आणि म्हणाले, "बरं. मेमो रद्द. तसा काकाले मेल करून..." आणि इथे ते स्वतःच थांबले.

मी कागदावर पत्र टाईप केलं, साहेबांची सही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी परत बडनेरा, मूर्तिजापूर. त्याच्या आधी यादी साफ केली. एका तक्रारीला एकच नाव. यात बाकीचे बरेच जण दुखावले. त्यातले दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांची समजूत काढून पाटवड्या खायला मी जाणार नाही.

काकांनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून वरच्या खिशात ठेवलं.

"काका, अजून एक मेल होता. माहा," मी म्हणाले.

"असन त्या ढिगात. माह्ये हात ऑइलचे आहे, तूच वाच. मी आयकतो."

मी माझ्या फोनवर तो काढला आणि वाचायला लागले. "आदरणीय काका, चूक तुमची नाही. त्या दिवशी तुमच्यासमोर टिकमार्क मी मारले. साहेबांनी विचारलं तेव्हा हे सांगायला पाहिजे होतं, मी फक्त हो म्हणाले..." लिहिताना हे सगळं किती सोपं गेलं होतं. मोठ्याने वाचताना तिसऱ्या ओळीपाशीच मी फोन खाली घेतला. काका स्क्रू हातात धरून तसेच थांबले होते.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही. लय मोठा आहे."

"राहू दे. समजलं मले."

तेवढ्यात बाकावर पडलेला त्यांचा फोन वाजला. घंटी मी आल्याआल्या चालू करून दिली होती. काका दचकले. "आता हा कोनाचा?"

मी पाहिलं. "तक्रार आहे काका. बार्शीटाकळीकडून."

"अजून कोनाकोनाले गेली?"

"कोनालेच नाही. फक्त तुमाले."

"फक्त मले?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. परत विचारलं, "एकट्याले?"

मी मान हलवली. काका उठले, फळ्यावरची सुट्ट्यांची यादी ऑइलच्या बोटांनी फाडून काढली, आणि खडू शोधायला लागले.