भाजणाऱ्याच्या दुकानातले उकडलेले दाणे

बाजाराच्या त्या गल्लीत शिरल्यावर दुकान शोधावं लागत नसे, नाकच घेऊन जाई. भाजक्या शेंगदाण्यांचा वास कोपऱ्यावरच्या चपला शिवणाऱ्यापासून सुरू व्हायचा आणि थेट बँकेच्या पायऱ्यांपर्यंत सोबत करायचा. त्या वासाचे मालक म्हणजे दाणेकाका. खरं नाव घरच्यांना तरी आठवत असेल की नाही, देव जाणे. उंची बेताची, मिशी भट्टीच्या धगीनं एका बाजूला कायमची करपलेली, आणि बोलणं असं फटकळ की गिऱ्हाईक दाण्यांबरोबर चार शब्दही घेऊन जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर, ही गोष्ट वेगळी.

माणूस मनानं लोणी, पण दाण्यांच्या बाबतीत हट्टी. भाजायचं यंत्र घ्या म्हणून लेक मागे लागून लागून थकली. काकांचं एकच म्हणणं, यंत्राला कान नसतात. तापल्या वाळूत दाणा आधी नुसता सळसळतो, मग तडतडायला लागतो, आणि ती तडतड जरा मंदावली की लगेच झारा घालून चाळणीवर ओतायचा. बघत बसलात तर करपलाच म्हणून समजा. करपलेला घाणा ते सरळ फेकून देत, मग बाहेर कितीही गर्दी असो.

आणि कुणी नवखा माणूस येऊन उकडलेले दाणे आहेत का असं विचारी, तेव्हा तर बघायलाच नको. काका झारा खाली ठेवत, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत आणि सांगत, "उकडलेलं खायचं असेल तर दवाखान्यात जा. इथे भाजलेलं मिळतं." आजूबाजूचे दुकानदार हसायचे. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की समोरचा घड्याळवाला काकांच्या आधी ते म्हणून मोकळा व्हायचा.

तर अशा माणसाच्या घरात नात जन्माला आली. लेक आणि जावई काकांच्या घराच्या वरच्याच मजल्यावर राहायचे, त्यामुळे पोर आजोबांच्या अंगाखांद्यावरच वाढली. दात आले ते आधी वरचे दोन, आणि हाताला लागेल ते ती त्या दोन दातांनी कुरतडत बसायची. आजोबांनी नाव ठेवलं खारूताई. दाणेवाल्याची नात खारूताईच असणार, असं सगळ्या बाजाराला कौतुकानं सांगून झालं. लहानपणी तिच्या कातडीचा फार त्रास होता. कोपरात आणि गालांवर इसब, लाल, भेगाळलेलं, सारखं खाजणारं. आजोबा दुकानातून आले की तिला मांडीवर घेऊन हलक्या हातानं पाठ चोळत बसायचे. तेवढ्यानं ती शांत व्हायची.

दीडएक वर्षाची असताना एका संध्याकाळी मांडीवर बसल्या बसल्या तिनं आजोबांच्या शर्टाच्या खिशात हात घातला. खिशात दाण्यांचा नेहमीचा चुरा होता. तिनं एक तुकडा काढला आणि तोंडात टाकला. काका हसले, लेकीला हाक मारून म्हणाले की बघ, रक्तातच आहे. हाक पुरी होते न होते तोच पोरीचे ओठ सुजायला लागले. अंगावर गांधी उठल्या, श्वासातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. जावयानं तिला उचलली म्हणून बरं, नाहीतर काका तसेच बसून राहिले असते. दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं ती रडायला लागली. रडणं ऐकून जीव भांड्यात पडला, असं काकांचं त्या एकाच वेळी झालं.

त्यानंतर घराची घडीच बदलली. लेकीनं वडिलांच्या एकूण एक शर्टांचे खिसे शिवून टाकले. दुकानातून आलं की कुठेही हात न लावता सरळ न्हाणीघरात जायचं, दुकानाचे कपडे तिथेच झाकणाच्या बादलीत टाकायचे, नखं घासायची, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच नातीला जवळ घ्यायचं. घरात शेंगदाण्याचं नाव नाही. मांडीत टोचायचं औषध कायम दाराच्या खुंटीला टांगलेलं. आणि खारूताईनं दुकानात पाऊल टाकायचं नाही. आईबरोबर बाजारात आली की ती घड्याळवाल्याच्या पायरीवर उभी राहून पलीकडून हात हलवायची. काका भट्टीमागून झारा हलवायचे. मध्ये एवढासा रस्ता, दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर अडतील इतकाच, पण तो ओलांडायची सोय नव्हती.

ती सात वर्षांची झाली तेव्हा ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावून घेतलं. एक नवं संशोधन चालू होतं, त्यात खारूताईला घेता येईल का, हे बघायचं होतं. काका मुद्दाम दुकान बंद ठेवून गेले. बाईंनी आधी सगळं नीट समजावलं. पूर्वी आम्हीच सांगायचो की बाळांना शेंगदाण्यासारखे पदार्थ मोठं होईपर्यंत देऊ नका, म्हणाल्या. मग अभ्यास झाले आणि उलटंच निघालं. ज्या बाळांनी ते वेळेवर, मऊ करून, थोडं थोडं खाल्लं, त्यांच्यात ही ॲलर्जी कमी आढळली. तोंडावाटे गेलेल्या अन्नाला शरीर बहुतेक वेळा आपलं मानतं. भेगाळलेल्या कातडीतून तीच वस्तू धुळीसारखी आत शिरली, तर शरीर तिला चोर समजू शकतं.

काका आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. नंतर त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी तिची पाठ चोळायचो, त्यानं?"

बाई म्हणाल्या, "ते कुणीच खात्रीनं सांगू शकणार नाही, काका. अशी धूळ कितीतरी घरांत असते, होतं थोड्याच मुलांना. आणि तेव्हा आम्हालाही हे ठाऊक नव्हतं."

लेक वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. काकांना त्या क्षणी भट्टीत पाणी ओतून दुकान कायमचं बंद करावंसं वाटलं. तसं ते नंतर लेकीला म्हणालेही. लेकीनं झापलं त्यांना. पोरीला आजोबा हवेत, रिकामटेकडा माणूस नकोय, असं म्हणाली.

त्याच बैठकीत बाईंनी उपचार सांगितला. शेंगदाणा तासन् तास उकडला की त्यातला ॲलर्जी आणणारा अंश बराचसा पाण्यात उतरतो आणि उरलेल्याचा जोर कमी होतो. त्याच्या कणभर चुऱ्यापासून सुरुवात करायची, प्रत्येक वाढीव मात्रा इथेच डोळ्यांदेखत द्यायची. ते पचलं की कमी उकडलेला, आणि अगदी शेवटी भाजलेला. घरी मनानं काही करायचं नाही. हा काही रामबाण उपाय नाही, काही मुलांना अर्ध्यात थांबावं लागतं. पण जमलं तर चुकून एखादा दाणा पोटात गेला म्हणून जिवावर बेतणार नाही.

उकडलेले दाणे! तेही दवाखान्यात! लेकीनं पदराआड तोंड लपवलं. इतका वेळ डोळ्यांत पाणी होतं आणि आता हसू आवरेना. काकांनी तिच्याकडे रागानं बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि बाईंना म्हणाले की उकडा, काय पाहिजे ते उकडा.

मग सुरू झाला तो दवाखान्याचा रतीब. वाढीव मात्रा घेतली की खारूताईनं पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, शांत बसून राहायचं. सात वर्षांच्या पोरीला शांत बसवणं म्हणजे काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. काका सापशिडी घेऊन बसायचे आणि इमानेइतबारे हरायचे. ती दुकानाबद्दल खोदून खोदून विचारायची. वाळू कसली असते, स्टूल आहे का, स्टुलावर कोण बसतं. काका सांगायचे की कुणीच नाही, रिकामंच असतं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. कमी उकडलेल्या दाण्यावर आल्यावर एके दिवशी तिला भडभडून ओकारी झाली, गळ्याभोवती गांधी उठल्या, पुन्हा मांडीत टोचावं लागलं. बाईंनी मात्रा मागे नेली. घरी आल्यावर लेकीनं सांगून टाकलं की आता पुरे, आपली पोर जशी आहे तशी बरी. काकांनाही तेच हवं होतं. पोरीला पुन्हा त्या खाटेवर पाहायची त्यांची ताकद नव्हती, आणि तसं ते बोलूनही दाखवत होते. खारूताई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती.

"मला रस्ता ओलांडायचाय," ती म्हणाली. "तुम्ही दोघं घाबरा. मी खाईन."

लेकीनं बाईंना तसं कळवलं. गाडी पुन्हा सुरू झाली, जरा हळू, पण थांबली नाही.

शेवटच्या चाचणीला भाजलेला दाणा लागणार होता. बिनमिठाचा, साधा, दवाखाना त्याची व्यवस्था करायचाच. पण काकांनी बाईंना हात जोडून विचारलं की माझ्या दुकानाचा चालेल का. बाईंनी एक घाणा आधी तपासायला मागवला. काका हौसेनं भट्टीपुढे बसले आणि पहिलाच घाणा करपला. दुसरा घेतला, तोही करपला. तडतड ऐकूच येईना, कानात नुसतं आपलंच काळीज वाजत होतं. समोरून घड्याळवाला धूर बघून धावत आला. शेवटी लेकीनं झारा काढून घेतला आणि सकाळी गिऱ्हाइकांसाठी भाजलेल्या बिनमिठाच्या ढिगातले मूठभर पुडीत बांधले. म्हणाली, सगळ्या गावाला चालतात ते तिलाही चालतील. बाईंनीही तपासून होकार दिला.

चाचणीच्या दिवशी खारूताई खाटेवर पाय हलवत बसली. बाईंनी तुकडा दिला, मग थांबल्या, मग मोठा तुकडा, पुन्हा थांबल्या, आणि शेवटी अख्खे दाणे. काका भिंतीला टेकून उभे. कुणी खुर्ची पुढे केली तरी बसेनात. मध्येच तिच्या हनुवटीवर लाल डाग दिसला आणि काका भिंत सोडून पुढे आले. बाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. डाग पसरला नाही, हळूहळू फिका झाला. पोरीनं बाहीनं तोंड पुसलं होतं, बाही खरखरीत होती, एवढंच. तरी बाईंनी सांगितलेला पूर्ण वेळ सगळ्यांना बसवून ठेवलं. मग तिची छाती तपासून नळी गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "जमलं."

लेक रडायला लागली. काका रडले नाहीत. नातीसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी विचारलं की कसे लागले. आयुष्यात हा प्रश्न त्यांनी गिऱ्हाइकाला कधी विचारला नव्हता.

खारूताईनं नाक मुरडलं. थोडा विचार केला. पोर खरं बोलणारी.

"खरं सांगू? उकडलेलेच बरे होते."

तेव्हा मात्र काका हसता हसता रडले, की रडता रडता हसले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

खिसे अजून शिवलेलेच आहेत. लेकीनं उसवायला नकार दिला, खुंटीवरचं औषधही हलवू दिलं नाही. बाईंनी बजावलंय की रोज ठरल्याइतके दाणे पोटात जायलाच हवेत, खंड पडला तर केलेलं सगळं वाया जाऊ शकतं. पण आता उकडलेले चालतील, असंही त्याच म्हणाल्या. दुकानात यायलाही परवानगी दिली, आई बरोबर असेल तर.

म्हणून हल्ली काकांच्या भट्टीशेजारी दुसरी एक लहान चूल असते आणि तिच्यावर झाकणाचं पातेलं. शाळा सुटायच्या सुमाराला खारूताई आईचा हात धरून घड्याळवाल्याच्या पायरीशी येते, डावीउजवीकडे बघते आणि रस्ता ओलांडते. स्टुलावर बसून, नाक न मुरडता, मोजून खाते. भाजके दाणे घ्यायला आलेली माणसं आधी पातेल्याकडे आणि मग काकांकडे बघतात. परवा एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलंच, काका, तुम्ही आणि उकडलेले?

काकांनी झारा खाली ठेवला नाही की त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंही नाही.

"ते विकायला नाहीत," ते म्हणाले. "एका गिऱ्हाइकाला लागतात आमच्या."

स्टुलावरून खारूताईनं पाय हलवत सांगितलं की आज जरा मीठ जास्त झालंय.