पाखरं फुटतात म्हणून

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी बाबांमुळे एक कबूतर फुटलं, असं बाबांचं मत होतं.

बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत काढल्यामुळे घरी बसल्यावर त्यांना तपासायला काही उरलं नव्हतं. नवीन पनवेलच्या आमच्या बाल्कनीत कबुतरं येत. आईला ती मुळीच चालत नसत, पण बाबा रोज संध्याकाळी कठड्यावर मूठभर तांदूळ टाकत. एका सकाळी ते चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले आणि तसाच भरलेला कप घेऊन परत आले. बाहेर एक कबूतर मरून पडलं होतं. पिसं सगळीकडे, अगदी वाळत घातलेल्या चादरीवरसुद्धा. आईने झाडू आणला, सगळं गोळा केलं आणि चादर पुन्हा धुवायला टाकली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. कच्चा तांदूळ पक्ष्यांच्या पोटात पाणी शोषून फुगतो आणि पक्षी फुटून मरतात, तेव्हा लग्नात अक्षता टाकू नका, हा मेसेज दहा जणांना पाठवा. बाबांनी तो कोणालाच पाठवला नाही. त्यांनी दोन वाट्या घेतल्या, एकीत तांदूळ घातले, दुसरीत पोहे, दोन्हींत पाणी ओतलं आणि दर अर्ध्या तासाने वहीत नोंद केली. तांदूळ थोडासाच फुगला. पोह्यांनी वाटी भरून टाकली. बाबांनी निष्कर्ष पोह्यांवरून काढला.

"पण तुम्ही कबुतराला पोहे कुठे घालत होता?" मी विचारलं.

"तत्त्व एकच आहे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तांदूळ बंद झाले. कबुतरं सवयीने कठड्यावर येऊन बसत. बाबा आतून पडदा ओढून घेत.

मग माझं लग्न ठरलं. सासर चिरनेरच्या बाजूचं, भातशेतीवाल्यांचं. मुलगा माझ्याच ऑफिसात. आमच्याकडच्या पत्रिका बाबांनी परस्पर छापून आणल्या. तळाशी एक ओळ होती: 'पक्ष्यांच्या जीविताचा विचार करून अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या वापराव्यात.' आईने विचारलं, "त्यांना विचारलंत का?" बाबा म्हणाले, शास्त्रात विचारायचं काय असतं.

याद्या करायला आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर माझ्या होणाऱ्या सासूबाई आत गेल्या आणि एक कापडी पिशवी घेऊन आल्या. त्यांचं शेवटचं मोठं शेत दोन वर्षांपूर्वी कंटेनरच्या गोदामात गेलं होतं. त्या शेतातल्या शेवटच्या पिकाचा तांदूळ त्यांनी कडुलिंबाचा पाला घालून जपून ठेवला होता.

"ह्या अक्षतांना," त्या म्हणाल्या. "पोराच्या लग्नाला म्हणून शिजवला नाय."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पत्रिका पुढे केली. मुलाने ती मोठ्याने वाचली आणि शेवटच्या ओळीला त्याचा आवाज बारीक झाला. सासरे पंख्याकडे बघत बसले.

"कंची पाखरा?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळीच. चिमण्या, कबुतरं," बाबा म्हणाले. "तांदूळ पोटात फुगतो. मग ती फुटतात."

सासूबाईंनी यावर खरोखर विचार केला. "तसा असता तर आमी शेतात बुजगावणा कशाला उबा केला असता? सकालपासून खातात नि सांजला उडून जातात."

"शेतात साळ असते. टरफलासकट."

"टरफल काढूनच खातात ती."

बाबांकडे याची नोंद नव्हती. सासूबाईंनी पिशवीचं तोंड बांधलं. मला वाटलं, लग्न मोडलं.

"तुमी फुटलेला पाखरू बगितलाय?" त्यांनी विचारलं. स्वर भांडणाचा नव्हता.

"बघितलंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी त्या कबुतराची हकिगत सांगितली. आम्हालाही इतकी सविस्तर त्यांनी कधी सांगितली नव्हती. सासूबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"डोका होता त्याला?"

बाबांनी आठवून पाहिलं. "नव्हतं."

"मंग बोका. बोका डोका आदी खातो."

बाबांनी पिशवी स्वतःच्या हाताने आईच्या मांडीवर ठेवली आणि आणखी अर्धा कप चहा मागितला. परतताना रिक्षात, बराच वेळ बाहेर बघितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे ते माझ्यामुळे नाही गेलं." आई म्हणाली, "नाही." वर्षभर हा माणूस पडद्याआड हे घेऊन बसला होता, हे मला तेव्हा कळलं.

पत्रिका पुन्हा छापायला वेळ नव्हता. बाबांनी काळं स्केचपेन घेतलं आणि एकेका पत्रिकेवरची ती ओळ पट्टी लावून खोडली. पाहुण्यांनी पत्रिका उजेडात धरून पाहिल्या. काही वाचता आलं नाही, तेव्हा सगळ्यांनी आपापसांत ठरवलं की तिथे 'कृपया आहेर आणू नये' असं होतं आणि मुलीच्या बापाचा विचार बदलला.

लग्न त्या तांदळाच्या अक्षतांनी लागलं. हॉलच्या अंगणात सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं आणि चिमण्या उतरल्या. बाबा फेटा घालून तिथे उभे राहिले. फोटोग्राफरने दोनदा निरोप पाठवला, तरी हलले नाहीत. शेवटी सासूबाई जाऊन त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या. दोघांनी थोडा वेळ पाखरं पाहिली आणि मग जेवायला आले.

आहेर भरपूर आला. त्यात भिंतीवरची सात घड्याळं होती. एक आम्ही दोघांनी खांदा कॉलनीतल्या आमच्या नव्या घरात लावलं. ते दहा मिनिटं पुढे जातं.