नागरिक क्रमांक एकचा अंगठा

माझी मावशी एकतीस वर्षं सरकारी संग्रहालयात फुटकी भांडी जोडत होती. घरात कुणाच्या हातून कप फुटला तर ती ओरडायची नाही. खाली बसून तुकडे गोळा करायची आणि सगळे मिळाले की नाही ते बघायची. एखादा कमी निघाला तर मात्र घर डोक्यावर घ्यायची. संग्रहालयात तिला मागून ठिगळबाई म्हणत, आणि पुढून म्हटलं तरी ती ओ देई.

तिचं टेबल तळघरात, खिडकीच्या एका फटीखाली होतं. उत्खननातली खापरं तिथे टोपल्यांतून येत. वाळूने भरलेल्या परातीत ती एकेक खापर उभं करायची, कडेला कड जुळवायची, आणि तुकडा हरवला असेल तिथे प्लॅस्टर भरायची. ही भर ती मुद्दाम मूळ रंगापेक्षा एक छटा फिकट ठेवायची. "सहा पावलांवरून भांडं दिसलं पाहिजे आणि सहा बोटांवरून माझं ठिगळ दिसलं पाहिजे," असं तिचं म्हणणं. वर प्रत्येक भरीची नोंद वहीत: कुठे, केवढी, कशाची. अशा बावीस वह्या तिने भरल्या होत्या आणि त्या कुणीही वाचल्या नव्हत्या. सरकारी नोकरीत इतकं खरं लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मी स्वतः शाळेत इतिहास शिकवतो, म्हणजे दरवर्षी नवं पुस्तक येतं आणि त्यात जे पूर्वज असतील त्यांना माझे पूर्वज मानतो.

एकतीस वर्षांत मावशीच्या हातून एकच काम बिघडलं. नवं दालन उघडायला मंत्री यायचे होते. आदल्या दिवशी दुपारी संचालकसाहेब तळघरात उतरले आणि मधोमध ठेवायच्या मोठ्या मडक्याकडे बोट करून म्हणाले, "बाई, तो खांद्यावरचा फिकट डाग काढा. मंत्र्यांना काय फुटकं दाखवायचं?"

"साहेब, फुटकंच आहे ते."

"आहे हो. पण दिसायला कशाला हवं?"

मावशीने जुनी भर उकरली, प्लॅस्टरमध्ये विटेची पूड कालवून हुबेहूब रंग आणला आणि उजव्या अंगठ्याने दाबून खळगा भरला. वाळल्यावर असा ठसा बारीक कागदाने घासून काढायचा असतो. पण शिपाई डोक्यावर उभा होता. त्याने मडकं ओलंच उचललं, काचेच्या कपाटात ठेवलं, आणि कपाटाची किल्ली मंत्रालयात गेली. मावशीने वहीत लिहिलं: "खांद्यावर डावीकडे दोन बोटं भर. पूर्ण रंग, साहेबांच्या सांगण्यावरून. ठसा घासायचा राहिला." त्या रात्री ती नीट जेवली नाही, हे मला आठवतं.

त्या सुमारास देशाला अस्मितेची फार निकड भासू लागली होती. शेजारच्या देशाला एक प्राचीन राजा सापडला होता, त्याच्या शेजारच्याला अख्खं जहाज. आमच्याकडे नुसती मडकी. सरकारने अस्मिता विभाग काढला आणि त्यावर एक कोटवाले विद्वान नेमले. ते भर उन्हाळ्यातही कोट घालत, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन होतं. त्यांनी मडक्याचा फोटो मोठा करून पाहिला आणि त्यांना खांद्यावर अंगठा दिसला. मडक्याला हात लावायची त्यांना गरज वाटली नाही. "चार हजार वर्षांपूर्वीचा आपला आद्य नागरिक आज आपल्याला अंगठा दाखवतो आहे," असं त्यांनी भरसभेत सांगितलं. अंगठा दाखवणं म्हणजे काय, हे त्यांच्या कानात सांगायची हिंमत कुणाला झाली नाही.

मग तो अंगठा सगळीकडे उमटला. पोस्टाच्या तिकिटावर, बसच्या पाठीवर, पोलिसांच्या टोपीवर. माझ्या पुस्तकात त्याच्यावर नवा धडा आला. त्या धड्यात अंगठ्याच्या रेषांवरून तो माणूस शूर, शाकाहारी आणि शिस्तप्रिय असल्याचं सिद्ध केलं होतं. पुढच्याच धड्यात डोंगरापलीकडून नंतर आलेल्या लोकांना उपरे म्हटलं होतं. मी दोन्ही धडे शिकवले. पोटासाठी माणूस काय काय शिकवतो.

मावशी संचालकसाहेबांकडे गेली. "साहेब, तो अंगठा माझा आहे."

साहेबांनी दार लावून घेतलं. "बाई, तुम्हाला निवृत्त व्हायला किती राहिले?"

"आठ महिने."

"मग आठ महिने तो त्यांचाच असू द्या की."

मावशी काही बंड करणाऱ्यांतली नव्हती. ती तळघरात परत गेली आणि आठ महिने भांडी जोडत राहिली. निवृत्त होताना तिने वह्या तेवढ्या घरी आणल्या. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण तिच्या एकुलत्या एका मुलीला दिवस गेले.

ही माझी मावसबहीण दुसऱ्या देशात असते. नवरा फिरतीवर, आणि डॉक्टरांनी तिला सातव्या महिन्यापासून अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून बजावलेलं. घरात पाण्याचा पेला हातात द्यायला माणूस नाही. मावशीला जायलाच हवं होतं. जायला पासपोर्ट हवा, पासपोर्टला नवं नागरिक कार्ड हवं, आणि कार्डाला उजवा अंगठा. मी तिला घेऊन कार्यालयात गेलो. तिने यंत्रावर अंगठा ठेवला, खिडकीतल्या कारकुनाने पडद्याकडे पाहिलं आणि तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हा अंगठा आधीच नोंदलेला आहे," तो हळूच म्हणाला. "नागरिक क्रमांक एक."

नोंदणीचा शुभारंभ मंत्र्यांनी मडक्यावरचा आद्य नागरिकाचा अंगठा नोंदवून केला होता, ते मला तेव्हा आठवलं. धंदा कुंभार, पत्ता संग्रहालयाचा.

"अहो, तो माणूस मेलाय," मी म्हटलं.

कारकुनाने पुन्हा पडदा पाहिला. "मृत्यूचा दाखला जोडलेला नाही. त्यामुळे ते हयात आहेत. एकच अंगठा दोघांना देता येत नाही. त्यांची हरकत नसेल तर त्यांना समक्ष घेऊन या, नाहीतर त्यांचं संमतिपत्र आणा."

रांगेतले लोक मागून ढकलत होते. मावशी शांतपणे म्हणाली, "तो अंगठा त्यांचा नाही, माझा आहे. वहीत लिहिलंय." आणि तिने पिशवीतून एकोणिसावी वही काढली. कारकुनाने ती वाचली. वाचल्यावर मात्र त्याला खुर्ची सापडेना.

चौथ्या दिवशी आम्हाला अस्मिता विभागात बोलावणं आलं. कोटवाले विद्वान टेबलामागे होते, समोर वही उघडी होती. मला वाटलं, गडी आता चार लोकांत तोंड कसं दाखवणार. पण लाज वाटायला आधी शंका यावी लागते. त्यांनी खिडकीबाहेर जरा पाहिलं आणि मागे वळले तेव्हा चेहरा उजळला होता.

"बाई, तुमचा अंगठा आणि त्यांचा अंगठा एकच. याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? चार हजार वर्षांचा अखंड वारसा. तुम्ही त्यांच्या थेट वंशज आहात."

"अहो, प्लॅस्टर आहे ते."

"ते तपशील झाले," विद्वान म्हणाले.

त्यांनी एक कागद पुढे केला. वंशज म्हणून खास तरतुदीत मावशीला तीन दिवसांत कार्ड मिळणार होतं. त्यासाठी बावीसही वह्या संशोधनाकरता विभागात जमा करायच्या आणि एका निवेदनावर अंगठा उठवायचा: "माझे पूर्वज याच भूमीत जन्मले आणि वाढले. ते कुठूनही आलेले नाहीत."

मावशीने ते वाक्य वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला माहीत होतं ती काय वाचते आहे. माझी आजी, म्हणजे तिची आई, सहा वर्षांची असताना आईबापांबरोबर डोंगर ओलांडून पायी आली होती. तिचा धाकटा भाऊ बापाच्या पाठीवर होता. तो वाटेत तापाने गेला. त्याला खिंडीत दगडांखाली ठेवून ते पुढे निघाले. आमच्या घरी मूल जन्मलं की आजी त्याला मांडीवर घेऊन ही सगळी वाट सांगायची, मुक्कामासकट, झऱ्यांच्या नावांसकट. आजी गेल्यावर ते काम मावशीकडे आलं. आम्हा सगळ्यांना तिनेच सांगितलं आणि आम्ही सगळे ऐकता ऐकता झोपलो.

"हे दुसरं वाक्य गाळता येईल?" तिने विचारलं.

"तेच तर मुख्य आहे," विद्वान म्हणाले.

मी तिला म्हटलं, "मावशी, चल, उठ. दुसरा काहीतरी मार्ग काढू." मला तेव्हा फार संताप आला होता, आणि दुसरा कुठलाही मार्ग माझ्याकडे नव्हता.

"तिला पेलाभर पाणी द्यायला कोणी नाही रे," मावशी म्हणाली. तिने शाईच्या डबीवर अंगठा टेकवला आणि कागदावर उमटवला. मग सवयीने त्यावर फुंकर घालून तो वाळेपर्यंत थांबली.

ती वेळेवर पोचली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. इकडे माझ्या पुस्तकात मावशीच्या फोटोसह तिसरा धडा आला, आणि तोही मी शिकवला.

बाळ महिन्याचं झालं तेव्हा मावसबहिणीचा फोन आला. "दादा, आईला काय झालंय? बाळाचं सगळं करते, पण वाट सांगत नाही. रोज मागे लागते मी. म्हणते, मी लिहून दिलंय, आता तोंडाने दुसरं कसं सांगू."

आयुष्यभर लिहिलं ते खरं, असं मानणारी बाई. तिने एकच खोटं लिहिलं आणि तेही ती खऱ्यासारखं पाळत होती.

"फोन बाळाच्या कानाशी धर," मी म्हटलं.

आणि सांगायला लागलो. एक होता तुझा खापरपणजोबा, त्याच्या पाठीवर एक तान्हा मुलगा, हाताला धरलेली एक मुलगी. पहिल्या मुक्कामाचं नाव मला आठवलं. दुसऱ्याचं मी दडपून ठोकून दिलं. इतिहासाच्या मास्तराला ते जमतं. झरे सगळे एकमेकांत मिसळले. खिंडीपर्यंत कसाबसा पोचलो आणि म्हटलं, "असे ते बारा दिवस चालले."

पलीकडे बाळ कुरकुरलं. मग कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि खोलीच्या त्या टोकाकडून मावशी म्हणाली,

"अकरा."