ओवाळणीत दिलेली किल्ली

भोरच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल आहे. वारसनोंद, हद्दीचे तंटे, रेशनकार्डातील दुरुस्ती, धरणग्रस्तांचे दाखले, असे सर्व प्रकारचे अर्ज मी लिहून देतो. शाळा आठवीत सुटली; तथापि माझ्या हातचा अर्ज मजकुराच्या कारणावरून परत आल्याचे मला स्मरत नाही. खेड्यातील मंडळी मला वकीलसाहेब म्हणतात. मी त्यांना दुरुस्त करीत बसत नाही, कारण त्यात त्यांच्याच कामाचा खोळंबा होतो.

सन दोन हजारनंतर मी एक मोटार घेतली. पांढरी, वापरलेली आणि जुनी. ते मॉडेल कंपनीने बनवणेही तोवर बंद केले होते. मात्र तिच्या किल्लीच्या काळ्या मुठीवर दोन बटणे होती. लांबून बटण दाबले की गाडी टुक टुक आवाज करी, दिवे लुकलुकत आणि चारही दारे एकदम बंद होत. कचेरीच्या आवारात तसे दुसरे वाहन नव्हते. तहसीलदारांची जीपसुद्धा किल्ली फिरवूनच बंद करावी लागे. मी शेडपर्यंत चालत येऊन मगच बटण दाबीत असे. तेथूनही ते चांगले चाले.

मी गाडी रुबाबासाठी घेतली असे कचेरीत बोलले जाई. ते खरे नाही. गाडी आक्कासाठी घेतली होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती गुंजवण्यात दिलेली. धरणात तिची भाताची खाचरे गेली. घर वरच्या अंगाला असल्याने राहिले. आई गेल्यानंतर आमच्या घरच्या गौरी आक्काच येऊन उभ्या करीत असे. तिने नेसवलेल्या साडीची निरी विसर्जनापर्यंत जागची हलत नसे. माझी पत्नी नेसवते तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारीच गौरीचा पदर खांद्यावरून उतरतो, हे ती स्वतःच सांगते. पुढे आक्काचे गुडघे धरले. एसटीची पहिली पायरी तिला चढवेना. शेवटच्या वेळी कंडक्टरने वरून ओढले आणि मी खालून आधार दिला, तेव्हा गाडीतली माणसे हसली. त्यावर ती म्हणाली, "पोत्यागत चढून म्या माहेराला येनार न्हाई." भाड्याच्या जीपमध्ये मागच्या बाजूला गुडघे मुडपून बसणेही तिला शक्य नव्हते. तिचे येणे थांबले.

म्हणून गाडी घेतली त्या भाऊबिजेला तिने ओवाळल्यावर मी तबकात गाडीची दुसरी किल्ली ठेवली आणि ही गाडी तुझीच समज, असे म्हणालो. दाजी पाटावर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "गाडी ठेवली सोताकडं आन् किल्ली दिली बहिनीला. वकील हाय खरा." आक्का मात्र किल्ली डोळ्यांना लावून म्हणाली, "यंदाच्या गौरी झाल्या. फुडल्या भादव्यात ह्याच गाडीनं न्यायला ये." ते साऱ्या आळीने ऐकले.

पुढच्या भाद्रपदाच्या तोंडावर माझी किल्ली हरवली. विंझरच्या एका अशिलाचा बांधाचा वाद होता. मी गाडी कचेरीच्या आवारात बंद केली आणि त्याच्या मोटारसायकलवर बसून पाहणीला गेलो. खाचरात पाणी होते, भात पोटरीला आला होता. बांध कोठून कोरला आहे ते पाहण्यासाठी मी वाकलो. सदऱ्याच्या वरच्या खिशातील किल्ली कोणत्या ठिकाणी पडली ते सांगता येणार नाही, कारण ती नसल्याचे मला भोरला परत आल्यावर कळले. अशिलाने नंतर चिखल चाळून पाहिला. किल्ली मिळाली नाही.

मी रीतसर मार्ग धरला. पोलिसांकडून गहाळ झाल्याचा दाखला घेतला, प्रतिज्ञापत्र केले आणि पुण्याच्या शोरूमच्या नावे अर्ज लिहिला. तो माझ्या चांगल्या अर्जांपैकी एक होता. शोरूममधल्या मुलीने तो वरवर चाळला आणि बाजूला ठेवला.

"काका, गाडी जुनी आहे. किल्ली कंपनीकडून मागवावी लागेल. दिवाळी होईल."

"गौरी येत्या आठवड्यात आहेत," मी म्हणालो.

"मग दुसरी किल्ली आणा ना. ती असेल तर त्यावरून त्याच दिवशी जोड करून देतो. दोन असतातच."

"अर्जातला तिसरा परिच्छेद वाचावा."

तिने वाचला. दुसरी किल्ली अर्जदाराच्या ताब्यात नाही, असे त्यात लिहिले होते.

"तीपण हरवली?"

"ताब्यात नाही."

"मग आहे कुठं?"

हा कौटुंबिक विषय आहे, असे मी सांगितले. तिने आतल्या मेकॅनिकला बोलावले. त्याने समजावले की बटणे ही केवळ दारांसाठी असतात. खरी ओळख किल्लीच्या मुठीत बसवलेल्या काचेच्या बारीक तुकड्यात असते. ती गाडीला पटली नाही तर इंजिन सुरू होत नाही. म्हणजे बाजारातून नुसती किल्ली कापून आणण्यात अर्थ नव्हता.

घरी आल्यावर पत्नीने विचारले, "अहो, वन्संकडं आहे की दुसरी. गाडी कुणासाठी न्यायचीय? त्यांच्यासाठीच ना?"

"बहिणीला ओवाळणीत घातलेली वस्तू परत मागायची?"

"मग बसा दिवाळीपर्यंत अर्ज लिहीत. गौरीला मी सेफ्टी पिना लावते."

परत मागायची नाही, हे माझे ठरलेले होते. परंतु आक्काला वाट पाहायला लावणे त्याहून वाईट होते. तेव्हा यंदा जमत नाही असे तोंडावर सांगावे, एवढ्याच हेतूने मी निघालो. भोरहून नसरापूर, तेथून वेल्ह्याची एसटी, आणि मार्गासनीच्या फाट्याला उतरून पुढे दुधाच्या टेम्पोतून गुंजवणे. आक्का ओट्यावर पाय पसरून बसली होती. दाजी विळ्याची मूठ बसवत होते. मला पायी आलेला पाहून आक्काने आधी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिले.

"गाडी कुटं लावली?"

"गाडी भोरला आहे. किल्ली गहाळ झाली. यंदा गौरीला..."

"माजी हाय की."

"ओवाळणीत दिलेली वस्तू मला परत मागता येत नाही, आक्का."

"आन् तू मागितली तर म्या दिली आसती व्हय?" ती म्हणाली. "मला दिलेली हाय ती. म्या यीन तवा किल्ली यील."

दाजींनी विळा खाली ठेवला. "झालं का! किल्लीबिगर गाडी न्हाई, गाडीबिगर ही न्हाई, आन् हिच्याबिगर किल्ली न्हाई. काडा वकीलसाहेब, ह्यातनं वाट."

मी विचार केला. तंटे सोडवण्याची मला सवय आहे, पण येथे दोन्ही पक्ष एकाच बाजूचे होते आणि मागणीही एकच होती. मी चहा संपवला. वाट निघाली नाही.

"आरं, उसनी न्हे," आक्का म्हणाली.

"उसनी?"

"शेजारीण सूप न्हेती, कालवणाला मीठ न्हेती. म्या काय तिला ओवाळणी घालती का? उसनी न्हे. मला न्यायला येशील तवा माज्या हातात दे. तुजं परत घेतल्यागत बी न्हाई, माजं दिल्यागत बी न्हाई."

मी खिशातून पेन काढले. तशी पोचपावती लिहून देतो, असे म्हणालो.

"ठिव ते खिशात. लई शाना हायेस."

मग तिने सुनेला देव्हाऱ्यातून किल्ली आणायला सांगितले, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. सुनेने ताम्हणातच किल्ली आणली. तिची मूठ पिवळीधमक झाली होती. बटणांच्या कडांना कुंकू घट्ट बसले होते आणि पात्याला हिरवट थर चढला होता.

"देवात ठेवलीस?"

"मग कुटं ठिवू? वाहन म्हंजी लक्षुमी. रोज सकाळी टाकांसंगं आंगूळ घालती तिला."

"पाण्याने?"

"नागपंचमीला दुदानं बी घातली."

दाजी म्हणाले, "पैल्या आंगूळीला आत कायतरी किरकिरलं. हिला वाटलं देव पावला."

मी किल्ली रुमालात गुंडाळली. एसटीत मी बटणे दाबून पाहिली. ती आत जात नव्हती. एवढ्या प्रेमाने सांभाळलेली वस्तू निकामी झाल्याचे आक्काला कसे सांगावे, याचा विचार करीत मी नसरापूरपर्यंत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या आवारात गाडीजवळ उभा राहून मी पुन्हा बटण दाबले. टुक झाले नाही. मग किल्ली दाराला लावली. ती आत हळदीमुळे कुरकुरली, पण फिरली. दार उघडताच गाडी मोठ्याने बोंबलू लागली. ती बटणाने बंद केलेली होती, त्यामुळे नुसत्या किल्लीने उघडणारा तिला चोर वाटला. शेडमधली माणसे उठून आली. कचेरीच्या खिडक्यांत कारकून उभे राहिले. त्यांतील एक ओरडला, "वकीलसाहेब, स्वतःचीच गाडी चोरताय? अर्ज तरी करायचा!"

मी आत बसलो आणि किल्ली लावली. समोर तांबडा दिवा लुकलुकत होता. इंजिन सुरू झाले नाही. किल्ली काढून धोतराच्या सोग्याने मूठ खसखसून पुसली. आवाज चालूच होता, आणि माझ्या टेबलाशी बसलेली एक म्हातारी कानांवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. पुन्हा किल्ली लावून फिरवली. तांबडा दिवा विझला. बोंब थांबली आणि इंजिन सुरू झाले. मेकॅनिकने सांगितलेला तो काचेचा तुकडा वर्षभराच्या स्नानातूनही शाबूत राहिला होता.

मी तसाच पुण्याला गेलो. शोरूममधल्या मुलीने किल्ली दोन बोटांत धरून पाहिली.

"काका, ही तर तुमच्या ताब्यात नव्हती ना?"

"आजही नाही. उसनी आणलेली आहे."

संध्याकाळी जोड किल्ली मिळाली. तिची मूठ कोरी होती. त्या मॉडेलची बटणे आता येत नाहीत, असे मेकॅनिक म्हणाला. त्याने गाडीची बोंबही कायमची बंद करून दिली. मला बटणांची रुखरुख वाटली, हे नोंदवणे योग्य होईल. त्यानंतर आवारात गाडी बंद करताना मला चारही दारांपाशी जावे लागे. कारकुनांनी काही दिवस तोंडाने टुक टुक करून पाहिले आणि मग तेही कंटाळले.

गौरी आवाहनाच्या दिवशी मी सकाळीच गुंजवण्याला पोचलो. आक्का ठेवणीतले लुगडे नेसून ओट्यावर तयार बसली होती. मी प्रथम तिची किल्ली तिच्या हातात दिली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"रंग घालवलास की हिचा."

"पुसावी लागली."

"आसू दे. लावीन परत. पर आंगूळ न्हाई घालनार आता. नुसतं हळदीकुकू."

तिच्या बाजूच्या दाराला बाहेरून किल्लीची सोय नव्हती. मी माझे दार उघडून आत वाकलो, तिच्या बाजूची खुंटी वर ओढली आणि वळसा घालून दार उघडून उभा राहिलो. आक्का आधी बसली, मग तिने एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. दाजींनी खणानारळाची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. आळीतल्या बायका बाहेर आल्या होत्या. तिने त्यांना दिसेल अशी किल्ली पदराच्या टोकाला बांधली.

मार्गासनीच्या फाट्यावर समोरून एसटी आली. रस्ता अरुंद असल्याने मी गाडी कडेला घेतली. आक्काने काच खाली करून एसटीच्या पायरीकडे बराच वेळ पाहिले. एसटी गेल्यावर म्हणाली, "चल लौकर. साड्या भिजवून इस्तरी केल्यात का न्हाई तुज्या घरात, काय ठावं."

केल्या नव्हत्या. संध्याकाळी पत्नीने इस्त्री केली आणि आक्काने खुर्चीवर बसूनच दोन्ही गौरींना साड्या नेसवल्या. विसर्जनापर्यंत निरी हलली नाही.