एक पॉइंट तीस

संगणकाला आमच्या प्रॅक्टिकलच्या सरांइतका घाबरणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडायचा नाही, आणि आमच्या कॉलेजनं नेमकं ह्याच माणसाला एम.ए.च्या मुलांना स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर शिकवायला बसवलं होतं. विषय अर्थशास्त्र, वर्ष दुसरं, सर निवृत्तीला टेकलेले. माऊसला हात लावायच्या आधी ते रुमालानं तळहात पुसत, आणि पुसून झाल्यावरही हात लावत नसत. "तू क्लिक कर," असं पुढच्या बाकावरच्या कुणाला तरी सांगून स्वतः दोन पावलं मागं सरकत. प्रिंटर आवाज करायला लागला की बोलता बोलता थांबत आणि तो गप्प झाल्याशिवाय पुढचं वाक्य उच्चारत नसत.

सॉफ्टवेअर शिकणं म्हणजे त्यांच्या लेखी ते वहीत उतरवून घेणं. आधी अमुक मेनू, त्याच्या पोटात तमुक मेनू, त्याच्या पोटात आणखी एक, असं ते सावकाश सांगायचे आणि आम्ही पदव्युत्तर विद्यार्थी निळ्या शाईनं लिहायचो. उजव्या पानावर कृती, डाव्या पानावर स्क्रीनची आकृती, पेन्सिलीनं, पट्टी लावून. माझ्या 'ओके'च्या बटणाची चौकट तिरकी आली म्हणून त्यांनी माझा अर्धा मार्क कापला होता. त्यात ते सॉफ्टवेअर तीस दिवसांपुरतं फुकट मिळालेलं. ते दिवस कधीच सरले होते, म्हणून सर दर सोमवारी सगळ्या संगणकांची तारीख मागं ओढायला लावत. बाहेर दिवाळीचा फराळ संपत आला तरी आमच्या लॅबमध्ये गणपती बसायचे होते. "सर, हे खोटं नाही का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तारीख खोटी आहे. सरासरी खरी आहे ना?"

मी मात्र त्यांची कीव करायला मोकळी होते. माझं घर कोळवणला. शेजारच्या पुणेकरांच्या फार्महाऊसवर माझे वडील, आबा, देखरेख करतात, त्यामुळे तिथल्या वायफायवर आमचा हक्कच होता. व्हिडिओ बघून बघून मी सरांच्या सॉफ्टवेअरच्या चार इयत्ता पुढं गेले होते. सर शिकवत असले की मी मागं बसून माझ्या लॅपटॉपवर रंगीत आलेख काढी आणि मैत्रिणींना दाखवी. त्यांच्या सगळ्या खोडींत मला सर्वांत जास्त संताप एकाच खोडीचा यायचा. कुणीही आपला डेटा घेऊन आलं की ते आधी त्याची छापील प्रत मागत, पहिल्या ओळीवर फूटपट्टी ठेवत आणि म्हणत, "वाच." मोठ्यानं, सगळं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. यंत्र जे डोळ्याचं पातं लवायच्या आत करतं, त्यासाठी हा माणूस आमच्या दुपारच्या दुपारी खायचा.

माझा प्रबंध होता कोळवण खोऱ्यातल्या जमिनीवर: विकून विकून कुणाकडे किती उरली आणि तेवढ्यावर घर चालतं का. मी घरोघर फिरले होते, आबांच्या ओळखीवर चहा पीत. निष्कर्ष जोरदार आला होता. बहुतेक घरांकडं पोटापुरतीसुद्धा शेती उरलेली नाही, असं मी ठणकावून लिहिलं होतं. बाणेरच्या एका सर्व्हे कंपनीनं मला नोकरी देऊ केली होती, अट एकच, निकाल यंदा लागला पाहिजे. प्रबंध द्यायला तीन दिवस उरले होते आणि फक्त सरांची सही बाकी होती. मी गेले, तर त्यांनी फूटपट्टी काढली.

मी दात ओठ खात वाचायला लागले. एक पॉइंट तीस. शून्य पॉइंट पस्तीस. दोन पॉइंट दहा. चौथ्या पानावर त्यांनी पट्टी उचलली. "एक सांग. पॉइंटच्या पुढं चाळीस कुठंच कसं नाही? पन्नास नाही, ऐंशी नाही. एवढ्या घरांत एकाकडंही पाऊण एकर नाही?"

"सर, योगायोग असेल. सही करा ना, माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे," ते शांतपणे म्हणाले. "आधी हे सांग."

आणि मला माझी चूक दिसली. आमच्याकडं जमीन विचारली की आबा सांगतात, "येक एकर तीस गुंठं हाय." मी ते तसंच ठोकलं होतं, एक पॉइंट तीस. एकराचे गुंठे चाळीस असतात, हे आमच्या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तीस गुंठे म्हणजे पाऊण एकर. यंत्राला ते कुठून कळणार? त्यानं निमूट दशांश समजून हिशेब केला होता. एकट्या आमच्या घराचे मी अठरा गुंठे गिळले होते. बिल्डरांना इतक्या वर्षांत जमलं नाही तेवढी जमीन मी एका बैठकीत खोऱ्यातून गायब केली होती, आणि वर त्यावर तीन प्रकरणं लिहिली होती.

दुरुस्ती लॅपटॉपवर एका ओळीत झाली. प्रकरणं मात्र नव्यानं लिहावी लागली, कारण निष्कर्षच बदलला. हलाखी होती, पण मी लिहिली होती तेवढी नव्हती. सर दोन दिवस घरून डबा आणून माझ्याशेजारी बसले, आकडे वाचून दाखवत राहिले, आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. पानं चाळता चाळता थांबले. "गुंठ्यांचे एकर नीट केलेत. इथं भलेभले फसतात. कुणाच्या लक्षात आलं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून सर म्हणाले, "तिच्याच. शेतकऱ्याची मुलगी आहे."

परीक्षकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "हो."

निकाल लागला, नोकरी लागली, सर निवृत्त झाले. तो "हो" मात्र सलत राहिला. परवा शेवटी धीर करून फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, "सर, ती चूक तुम्ही पकडली होती, मी नाही."

सर म्हणाले, "मला तर गुंठा म्हणजे काय तेही माहीत नव्हतं गं. मी कसली पकडतोय? आबा बरे आहेत ना?"

मी म्हणाले, बरे आहेत. आणि फोन ठेवला. ज्या माणसाला मी वर्षभर मागच्या बाकावरून हसले, त्याची मला आता फार आठवण येते, आणि तेवढंच सांगायचं फोनवर राहून गेलं.