अमेरिकन लायसन्सची परीक्षा आणि मुग्धाला सांगितलेलं खोटं

कोविडमध्ये माझी पायलटची नोकरी गेली आणि मी नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला बायकोकडे, मुग्धाकडे, राहायला आलो. दिवसभर तिच्या मीटिंगा चालायच्या, मी भांडी घासायचो. शेवटी ठरवलं, आपलं भारतीय लायसन्स आहे, त्यावर अमेरिकेचं कमर्शियल मिळवायचं.

कुणाला करायचं असेल तर सांगतो: नुसत्या कागदपत्रांवर फक्त खासगी उड्डाणाचं प्रमाणपत्र मिळतं. कमर्शियलसाठी लेखी, मेडिकल, तोंडी आणि उड्डाणाची परीक्षा नव्याने द्यावी लागते. अमेरिकेला जायलाच हवं असं मात्र नाही. माझी परीक्षा घेणाऱ्या हेलनबाई, सत्तरीच्या अमेरिकन, नेदरलँड्सच्याच उत्तरेला, फ्रिसलंड प्रांतातल्या एका छोट्या धावपट्टीवर भेटणार होत्या.

मुग्धाने रजा काढली, गाडी तीच चालवणार म्हणाली. जवळजवळ तीन तासांचा रस्ता, टोल कुठेच नाही. बसून खायची सोय सगळीकडे बंद, म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. आफ्स्लाउटडाइक म्हणजे समुद्रातून सरळ गेलेला बत्तीस किलोमीटरचा बांध. त्यावर वारा गाडीला ढकलत होता.

तोंडी परीक्षा छान झाली. मग विमान वर गेल्यावर हेलनबाईंनी इंजिनची शक्ती काढून घेतली. आता इंजिनाशिवाय वळून धावपट्टीवरच्या ठरलेल्या खुणेवर उतरायचं. मी खुणेच्या बराच अलीकडे टेकलो.

"आज पास करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण बाकीचं उड्डाण चांगलं आहे. वाऱ्यात सराव करून ये, एवढंच परत घेऊ." आणि स्वतःच्या थर्मासमधली कॉफी मला दिली.

बाहेर मुग्धा धावतच आली. "झालं?"

"नापास केलं," मी म्हणालो. "भारतीय बघितला ना."

तोंडातून गेलं ते गेलं. मुग्धा संतापली. परतीला मी गाडी चालवत होतो आणि ती शेजारी बसून तक्रारीचा मेल लिहीत होती. बांधाच्या मध्यावर तिने विचारलं, "त्या नेमकं काय म्हणाल्या? त्यांचे शब्द सांग, जसेच्या तसे."

मी एक वाक्य रचायला लागलो. जमेना. थांब्यावर गाडी उभी केली.

"काही म्हणाल्या नाहीत. मीच चुकीचा उतरलो."

मुग्धाने मेल पुसून टाकला. मग म्हणाली, "इथे घर शोधताना माझं आडनाव ऐकून त्या माणसाने फोन ठेवला होता, आठवतंय? तेव्हा मी रडत तुला फोन केला होता. तू लगेच विश्वास ठेवलास. म्हणून मीही आज ठेवला."

मी गाडी पुन्हा सुरू केली. उरलेला रस्ता पुऱ्यांचा डबा न उघडता गेला.

तीन आठवड्यांनी मी एकटाच ट्रेनने आणि पुढे बसने गेलो. या वेळी खुणेवर उतरलो. हेलनबाईंनी हात हातात न घेता कोपराला कोपर लावून अभिनंदन केलं. "बायको नाही आली?"

"तिला काम होतं," मी म्हणालो. खरं तर मीच तिला येऊ नको म्हटलं होतं. हेलनबाईंसमोर तिच्या शेजारी उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

संध्याकाळी घरी पोहोचलो. मुग्धाने तात्पुरतं प्रमाणपत्र दोनदा वाचलं, हसली.

"कसं उतरलास?"

"पहिल्याच फेरीत, बरोबर खुणेवर."

"वा!" ती म्हणाली. आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, तिला हे खरं वाटतंय की नाही ते शोधत.